मीटर कमी पळालंय म्हणजे गाडी ठणठणीत, असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाहन पुरवणीत जुन्या छोट्या हॅचबॅकच्या देखभालीवर लेख आला होता तो वाचला. लेख चांगलाय, भाषा सोपी आहे, पण त्यातलं सगळं गणित किलोमीटरवर बसवलंय, दहा हजाराला हे करा, चाळीस हजाराला ते करा, आणि शेवटी म्हटलंय की गाडी कमी चालत असेल तर सर्व्हिसिंग लांबवलं तरी हरकत नाही. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. बारा-पंधरा वर्षांची हॅचबॅक ज्यांच्याकडे असते त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी मुळात कमीच चालते, घरातली दुसरी गाडी म्हणून, जवळच्या जवळ फिरायला, आणि अशा गाडीला किलोमीटर खात नाहीत, वर्षं खातात. रबर, ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, बॅटरी, टायर, यातलं काहीही मीटर बघून म्हातारं होत नाही.

टायमिंग बेल्टचंच घ्या, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, लेखात त्याला एक वाक्य देऊन सोडून दिलंय. बेल्टवाल्या इंजिनाला मॅन्युअलमध्ये साधारण साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या मधला कुठलातरी आकडा असतो, गाडीगाडीवर आहे, पण बऱ्याच मॅन्युअलमध्ये त्याच ओळीत पुढे 'किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं आणि ते पुढचं कोणी वाचतच नाही. बेल्ट रबराचा, इंजिनाच्या गरमीत राहून राहून कडक होतो, दातांच्या मुळाशी बारीक चिरा जातात, आणि गंमत म्हणजे कव्हर काढून बघितला तर कधीकधी अगदी नव्यासारखा दिसतो, त्यामुळे 'बघितला, ठीक आहे' या उत्तराला फार अर्थ नाही. तुटायच्या आधी तो बहुतेक वेळा काहीच कळवत नाही. आणि पुष्कळ छोट्या इंजिनांत बेल्ट तुटला की वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं, आणि एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च कोण करणार म्हणून चांगली धडधाकट गाडी भंगारात जाते. नवीन बेल्ट टाकताना टेन्शनर आणि आयडलर बेअरिंगही (बेल्ट ताणून धरणारी चाकं) नवीन टाकायची, वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण खरी मजुरी उघडण्याची असते, ती दोनदा कशाला द्यायची. कॅम किंवा क्रँकचं (इंजिनातल्या फिरत्या दांड्यांचं) ऑइल सील गळत असेल तर ते आधी बदला, ऑइल पिलेला बेल्ट टिकत नाही. बेल्टऐवजी चेन असलेल्यांनी पण खूश होऊ नये, चेन ऑइलवर जगते, ऑइल वेळेवर बदललं नाही की ती आणि तिचा टेन्शनर ढिले पडतात, सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पहिले काही सेकंद पुढून खडखड येत असेल तर ती बहुतेकदा तीच. आणि कित्येकांना आपल्या गाडीत बेल्ट आहे का चेन हेच माहीत नसतं, ते आधी बघा.

ब्रेक फ्लुइडचं तर अजूनच वाईट, कारण ते सहसा फारसं कमी होत नाही म्हणून कोणी बघत नाही. हे ग्लायकॉलचं फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं, गाडी उभी असली तरी घेतं, होज पाइपमधून आणि झाकणातून थोडं थोडं. डॉट ४ (डॉट हा ब्रेक फ्लुइडचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो) नवीन असताना किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी गेलं की तोच आकडा किमान १५५ वर येतो. एरवी काही जाणवत नाही, पण लांब उतार लागला, ब्रेक सारखे वापरले, डिस्क तापल्या की आतलं पाणी उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून बरेच उत्पादक दर दोन वर्षांनी बदला म्हणतात, गाडी चालो न चालो. फ्लुइड बदलायला दोन माणसं, एक पारदर्शक नळी आणि एक बाटली एवढं पुरतं, पण ब्लीडिंगचा, म्हणजे जुनं फ्लुइड बाहेर काढायचा, निप्पल जुन्या गाडीत गंजलेला असतो आणि जोर केला की मोडतो, तेव्हा आदल्या दिवशी गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवायचा आणि बारा टोकांचा नाही, सहा टोकांचा पाना वापरायचा. मागे ड्रम असतील तर ड्रम काढून व्हील सिलिंडरचं रबर थोडं उचलून बघा, आत ओल दिसली तर तो सिलिंडर संपलाय. पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) स्लायडर पिना सुकून अडकतात आणि मग एकाच बाजूचा पॅड झिजतो, बाहेरचा पॅड जाडजूड दिसतोय म्हणून आतला पण तसाच असेल असं धरू नका, चाक काढून दोन्ही बघायचे.

आता ऑइल. छोट्या छोट्या फेऱ्यांनी इंजिन नीट गरमच होत नाही, मग जळणातून तयार झालेलं पाणी आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं, एक लांब फेरी मारली की ते उडून जातं पण तशी फेरी होतच नाही. अशा गाडीचं ऑइल वर्षातून एकदा बदलायचं म्हणजे बदलायचं, मीटर काही का म्हणेना. ऑइलच्या झाकणाच्या आत पिवळट साय दिसली की लोक घाबरतात, गॅरेजवाला लगेच हेड गॅसकेट (हेडखालचं सील) गेलं म्हणतो, पण थंडीत कमी चाललेल्या गाडीत ती नुसती ओल असू शकते. डिपस्टिक ओढून बघा, तिथेही ऑइल दुधाळ झालंय का, कूलंट कमी होतंय का, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येतोय का. यातलं काहीच नसेल तर आधी एक लांब फेरी मारून या आणि मग परत बघा. तरी शंका राहिलीच तर कूलंटच्या तोंडावर लावून बघायची एक टेस्ट असते, निळं द्रव असतं, जळलेला गॅस कूलंटमध्ये शिरत असेल तर त्याचा रंग पिवळा होतो. हेड उतरवायच्या आधी ही टेस्ट करायला सांगा, करत नसेल तर गॅरेज बदला.

गरम होण्यावरून सगळ्यात जास्त पार्ट फुकट बदलले जातात असं माझं मत आहे, आणि खरं तर इथे गाडी स्वतःच सांगत असते. ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर लागलात की खाली येतो, म्हणजे हवा मिळत नव्हती, फॅन बघा, त्याचा रिले बघा, फ्यूज बघा, सेन्सरचं कनेक्टर बघा. याच्या उलट, गावातून ठीक आणि वेगात किंवा चढावर काटा वर, तर पाणी फिरत नाहीये, रेडिएटर चोंदलाय, पंपाची पाती खाल्ली गेलीत किंवा थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) पूर्ण उघडत नाहीये. एवढी साधी गोष्ट विचारायच्या ऐवजी 'थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी थंड राहील' हा सल्ला देणारे मिस्त्री अजून आहेत. अहो तो थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशाच्या आसपास उघडावा म्हणून मुद्दाम बसवलेला असतो, काढला की इंजिन सतत थंड चालतं, इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं अजून वॉर्म-अप चालू आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, आणि ऑइलमध्ये पाणी साठायचं जे वर सांगितलं ते अजून वाढतं. आणि मूळ दुखणं तसंच राहतं ते वेगळं. कूलंटऐवजी नुसतं नळाचं पाणी ओतायची सवय पण अशीच, आतून गंज आणि क्षार धरतात आणि मग रेडिएटर चोंदला म्हणून परत खर्च. कूलंटमधली गंज थांबवणारी रसायनं काही वर्षांनी संपतात, रंग तसाच राहतो, त्यामुळे हिरवा दिसतोय म्हणजे चांगला असं नाही, आणि हिरवा संपला म्हणून दुसरा हिरवा ओतला तर तो त्याच जातीचा असेलच असंही नाही, रंग हे काही स्टँडर्ड नाही. रेडिएटरचं झाकण पण काम करतं बरं का, ते साधारण एक बार दाब धरतं म्हणून आतलं पाणी शंभरला उकळत नाही, झाकणाचं रबर गेलं की उकळतं. मात्र इंजिन गरम असताना ते झाकण उघडू नका, हे माहीत असून लोक हात भाजून घेतात.

लेखात स्कॅनरचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राचं, खूप कौतुक केलंय. स्कॅनर चांगलाच, अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून तो जोडायचं सॉकेट सक्तीचं आहे, स्वस्तातला स्कॅनरही कोड वाचतो. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नाही हे कुणीतरी मोठ्या अक्षरात छापायला हवं. पी ०१७१ हा कोड येतो, त्याचा अर्थ हवा जास्त आणि पेट्रोल कमी एवढाच, आणि गॅरेजमध्ये ते नुसतं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलल्यासारखं झालं. जुन्या गाडीत अशा वेळी आधी रबराचे व्हॅक्यूम पाइप बघायचे, कडक होऊन टोकाला चिरलेले असतात आणि तिथून जास्तीची हवा शिरते, इनटेकचं गॅसकेट, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप, हे सगळं आधी. मिसफायरचं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचं, तर अजून सोपं आहे. पी ०३०२ आला म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावायची, तीनची दोनवर, कोड पुसून गाडी फिरवायची. आता पी ०३०३ आला तर कॉइल गेलीय, दोनच राहिला तर कॉइल चांगली आहे, मग प्लग असाच बदलून बघायचा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एकही पैसा खर्च न करता कळतं. प्लग काढताना त्या खड्ड्यात ऑइल साचलंय का ते बघा, असलं तर वरच्या कव्हरचं गॅसकेट गळतंय. फक्त एक, चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर गाडी चालवत घरी नेता येते, पण तो लुकलुकत असेल तर जोरात चालवू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो.

हॅचबॅकचं म्हणून एक खास दुखणं आहे जे लेखात नाहीच, आणि ते माहीत नसल्यामुळे आम्हाला एका गॅरेजनं (नाव नको) मागच्या वायपरची मोटर बदलायचा कोटेशन दिला होता. मागचा वायपर बंद, मग काही दिवसांनी नंबरप्लेटचा दिवा बंद, मग डिकी उघडली की तोच नंबरप्लेटचा दिवा लागायचा आणि बंद केली की जायचा. एवढ्या गोष्टी एकदम जात नाहीत. डिकीचा दरवाजा आणि गाडीचं छत यांच्यामध्ये एक नालीदार रबरी नळी असते, सगळ्या वायरी त्यातून जातात, आणि डिकी जेवढ्या वेळा उघडली-मिटली तेवढ्या वेळा त्या वायरी एकाच जागी वाकतात. नळी दोन्ही बाजूंनी उपसून मागे सरकवली तर आत एक तपकिरी आणि एक काळी वायर, बाहेरचं प्लास्टिक शाबूत पण आतलं तांबं तुटलेलं, ओढल्यावर प्लास्टिक च्युइंगमसारखं ताणलं जायचं तिथे कळलं. काळी अर्थची, म्हणजे तिथल्या सगळ्यांचा करंट परत जायची, होती, म्हणून एकीमुळे दोन-तीन गोष्टी बंद. अशा वायरी नुसत्या पिळून टेप मारायच्या नाहीत, आणि नळीच्या आतच सोल्डर पण करायचं नाही, सोल्डर केलेली जागा कडक होते आणि तिच्या शेजारी परत तुटते, लवचिक वायरचा लांब तुकडा घालायचा आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, जिथे वाकत नाही तिथे घ्यायचे. मोटर तशीच चालू आहे अजून.

एकूणच जुन्या गाडीत इलेक्ट्रिकलचा अर्धा त्रास अर्थिंगचा असतो. स्टार्टर रडतोय म्हणून बॅटरी बदलतात, नवीन बॅटरीवर दोन महिने बरं चालतं आणि परत तेच. साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून दुसऱ्याला स्टार्ट मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय. बोल्ट काढून सँडपेपरनं घासायचा, झालं.

टायरचं लेखात फक्त नक्षीचं लिहिलंय. नक्षी चांगली असलेले पण दहा वर्षं जुने टायर मी कमी चाललेल्या गाड्यांना कितीतरी वेळा बघितलेत. बाजूच्या भिंतीवर इंग्रजीत DOT लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ओळीचा हा भाग टायरच्या एकाच बाजूला छापलेला असतो, बाहेरून दिसला नाही तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघा. स्टेपनीचा पण बघा, ती तर कुणीच बघत नाही. सस्पेन्शनचं रबर पण असंच, लोअर आर्मचे बुश फाटतात, लिंक रॉड खुळखुळतात, आणि ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) रबरी बूटला चीर गेली की ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळा फवारा दिसतो. तेव्हाच बूट बदलला तर नुसतं रबर आणि ग्रीसवर भागतं, दुर्लक्ष केलं की आत माती जाते आणि मग वळताना कट्-कट् आवाज यायला लागतो, तोवर जॉइंट गेलेला असतो.

एसीचं थोडक्यात, गॅस जळत नाही आणि झिजत पण नाही, बंद सर्किटमध्ये फिरत असतो. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर लिकेज आहे, ते न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला तुम्ही दर वर्षी बोलावणार हे त्याला माहीत असतं.

गॅरेजवाल्यांवर सरसकट राग नाहीये माझा, चांगले मिस्त्री आहेत आणि ते ऐकून निदान करतात. पण जॉब कार्डवर इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, थ्रॉटल क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग अशी लांबलचक यादी दिसते आणि ब्रेक फ्लुइडचा पत्ता नसतो तेव्हा कळतं की यादी गाडी बघून केलेली नाही. विशेषतः खूप जुन्या, ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात फ्लश मारताना विचार करा, सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकू शकतो, त्यापेक्षा चांगलं ऑइल लवकर लवकर दोनदा बदललेलं बरं. अंडरबॉडी कोटिंग पण गंजावरून मारलं तर गंज आत सुखानं वाढतो, आधी दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं मोकळी आहेत का ते एका बारीक तारेनं बघा. बदललेले जुने पार्ट परत मागा, नुसते ठेवायला नाही, मिस्त्रीसमोर हातात घेऊन विचारा की यात काय खराब होतं, दोन मिनिटांत समजतं माणूस किती पाण्यात आहे.

घरी करणाऱ्यांसाठी एकच, गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला स्टँड लागतात, आणि पुरवणीतल्या फोटोत माणूस गाडीत आलेल्या कात्री जॅकवर गाडी ठेवून अर्धा खाली शिरलेला दाखवलाय, असा फोटो पुन्हा छापू नका ही विनंती.

आणि एक दुरुस्ती मात्र नक्की छापा. लेखाच्या चौकटीत ब्रेक फ्लुइडबद्दल 'डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५ यातलं कुठलंही चालेल' असं आलंय, बहुधा ५.१ मधलं १ गळलंय. डॉट ५.१ हे ग्लायकॉलचंच आहे, ते ३ आणि ४ च्या सिस्टिममध्ये सहसा चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या ग्लायकॉलवाल्यांत मिसळत नाही, पाणी शोषत नाही त्यामुळे आत गेलेलं पाणी खाली साचून राहतं, आणि एबीएस असलेल्या गाडीत तर ते घालूच नये. कुणी तुमची चौकट कापून गॅरेजला घेऊन जायच्या आधी, शक्यतो पुढच्याच अंकात, हे यावं.

कळावे,
आपला एक जुना वाचक (आणि जुन्या हॅचबॅकचा मालक)